झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर चालतं का?

रातवा: बाबा गेले तेव्हा डॉक्टरांनी आईला अल्प्राझोलाम थोडे दिवस म्हणून लिहून दिली होती. ती कुणी थांबवलीच नाही. पाव मिलिग्रॅमवरून आता एक मिलिग्रॅम झाली, तरी झोप नाहीच. परवा भावाने पाकीट लपवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला कप धरवेना, उशी घामाने चिंब, रात्रभर येरझाऱ्या. शेवटी मीच गोळी दिली. भाऊ म्हणतो, आठवडाभर मन घट्ट करा, सुटेल. घरच्या घरी असं डिटॉक्स होतं का?

निळी_ओढणी: मी व्यसनमुक्ती वॉर्डात परिचारिका आहे. गोळी दिलीत ते योग्यच केलंत. भावाला कृपा करून सांगा, हे पुन्हा नको. अल्प्राझोलामच्या गटातली (बेंझोडायझेपिन) गोळी रोज घेणाऱ्याने एकदम सोडली तर आकडी येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. इथे मन घट्ट असण्याचा संबंध नाही. मेंदू त्या औषधाच्या आधाराने चालायला शिकलेला असतो. अल्प्राझोलाम अंगातून लवकर उतरते, साधारण ११ तासांत निम्मी, म्हणून दुसऱ्याच दिवशी थरथर सुरू झाली.

मानसोपचारतज्ज्ञ बहुतेक वेळा दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के डोस उतरवतात. कधी आधी डायझेपामवर आणतात, कारण ती अंगात जास्त वेळ टिकते. काम महिन्यांचं आहे, आणि झेपलं नाही तर त्याच पायरीवर थांबायचं असतं.

पाव_गोळी: मी याच गटातली क्लोनाझेपाम अशीच सोडली. सुरुवातीचे टप्पे सोपे गेले, शेवटचा पाव तुकडा मात्र फार जड. ब्लेडने कापताना भुगा व्हायचा आणि डोस कमीजास्त व्हायचा. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी कमी ताकदीची गोळी दिली. झोपेसाठी सीबीटी, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी थेरपी, घेतलं, त्याचा मला गोळीपेक्षा जास्त उपयोग झाला. आईंना हे जरूर सुचवा.

वाटसरू: माझ्या मित्राला पाठदुखीसाठी दिलेल्या ट्रामाडॉलची सवय लागलीय. त्यालाही हेच लागू?

निळी_ओढणी: नाही, तो ओपिऑइड गट, म्हणजे अफूसारखं काम करणारी वेदनाशामकं. सोडताना जांभया, नाक गळणं, जुलाब, अंगावर काटा, असं सगळं होतं. ट्रामाडॉलमध्ये आकडीचा धोका वेगळा असतोच. तिथे ब्युप्रेनॉर्फिनसारखं, ओढ आणि त्रास आटोक्यात ठेवणारं औषध बराच काळ चालू ठेवतात. नुसतं डिटॉक्स करून घरी पाठवलेल्या माणसाची मला जास्त काळजी वाटते. शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि त्याने पूर्वीइतक्याच गोळ्या घेतल्या तर श्वास थांबू शकतो. मित्राला एकटं सोडू नका.

रातवा: भावाला वाचून दाखवलं. डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं?

निळी_ओढणी: घरातली सगळी पाकिटं, खोकल्याचं औषध आणि दुखण्याच्या गोळ्यासुद्धा. आई दारू घेत असतील तर तेही न लाजता सांगा. तोवर गोळी आहे तशीच, रोज त्याच वेळी. आकडी आली किंवा त्या भ्रमिष्टासारखं बोलू लागल्या तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, थेट इमर्जन्सीत न्या.