मदत हवी आहे: काळ्या रानावर उपग्रहाच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन, निळा पट्टा जुळत नाही

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आम्ही काही मित्र मिळून पायथनमध्ये एक सॉफ्टवेअर लिहितोय. उपग्रह डोक्यावरून जातो त्याच सुमारास रानात स्पेक्ट्रोमीटरने (प्रत्येक तरंगलांबीचा उजेड वेगळा मोजणारं यंत्र) जमिनीची परावर्तकता, म्हणजे पडलेल्या उजेडातला किती भाग परत फिरतो ते मोजायचं, सिक्सएस मॉडेल (उजेड हवेतून जाताना किती बदलतो याचा हिशेब) वापरून ती वातावरणाच्या माथ्यावर किती दिसायला हवी ते काढायचं, आणि प्रतिमेतल्या आकड्याशी ताडून बघायचं. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांसाठी ते चालतंय, पुढे भारताच्या रिसोर्ससॅट-२ए उपग्रहावरच्या लिस-३ कॅमेऱ्यासाठी वापरायचंय.

हा खटाटोप कशासाठी, तर सांगोल्याची डाळिंबं आणि मंगळवेढ्याची ज्वारी यांचे वर्षानुवर्षांचे एनडीव्हीआय (पिकाची हिरवाई दाखवणारे आकडे) आता सर्रास एकमेकांशी ताडले जातात. सेन्सरचा एखादा पट्टा (ठराविक तरंगलांबीचा उजेड मोजणारा भाग) हळूहळू मंदावला, तर कागदावर ते पीक बदलल्यासारखं दिसतं. शेतकऱ्याचे निर्णय त्या आकड्यावर ठरणार असतील तर मूळ आकडा तपासायची सोय आपल्याच जिल्ह्यात असावी, असं मला मनापासून वाटतं.

आता अडचण. ६६५ चा लाल आणि ८४२ नॅनोमीटरचा जवळचा अवरक्त पट्टा छान जुळतात. ४९० चा निळा मात्र जुळत नाही, आणि फरक दर खेपेला वेगळा येतो. कधी प्रतिमा जास्त उजळ, कधी आमचा हिशेब जास्त.

नेहमीच्या गोष्टी तपासल्या आहेत. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रतिमांत आकड्यांत जो उणे १००० चा ऑफसेट (ठराविक फरक) आला, तो प्रोग्राम मेटाडेटातूनच वाचतो. सेंटिनेल-२ए आणि २बी यांचे स्पेक्ट्रल रिस्पॉन्स (कुठल्या तरंगलांबीला सेन्सर किती प्रतिसाद देतो) वेगळे धरलेत. उपग्रह इथे घड्याळात अकराच्या आसपास येतो. त्याच्या आगेमागेच मोजमाप होतं आणि तुलनेसाठीचं पांढरं पॅनेल दर थोड्या वेळाने पुन्हा मोजतो. सोलापूरची उंचीही मॉडेलला दिली आहे.

माझा संशय जमिनीवर आहे. आपलं रान काळं. निळ्यात त्याची परावर्तकता इतकी कमी, की माथ्यावर पोचणाऱ्या उजेडात हवेनेच विखुरलेला भाग जमिनीच्या बरोबरीला येतो. रेलेचं विकिरण (हवेच्या रेणूंनी उजेड विखुरणं) तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतं, म्हणजे लालपेक्षा निळ्यात जवळपास ३.४ पट. त्यात एरोसॉलचा (हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांचा) आकडा आमच्याकडे स्वतःचा नाही, कॅम्स या युरोपीय वातावरण-सेवेचा घेतो. त्याचा एकेक चौकोन कित्येक किलोमीटरचा. शहराची धूळ आणि बाहेरचं मोकळं माळरान एकाच आकड्यात. सेंटिनेल-२ ची अचूकतेची अट ५ टक्के आणि उद्दिष्ट ३ टक्के. एवढ्यात एरोसॉलचा आकडा थोडा हलला तरी माझा निळा पट्टा त्याहून जास्त हलतो. मग मी सेन्सर तपासतोय की हवा?

रानाचंही सांगतो. उन्हाळी नांगरटीनंतर मुठीपासून डोक्याएवढी ढेकळं असतात. एका बाजूला लख्ख ऊन, दुसऱ्या बाजूला गडद सावली. स्पेक्ट्रोमीटरचा फायबर हातभर सरकवला की आकडा बदलतो. कुळव फिरवलेलं रान बरंच बरं, पण तेही अंधारंच. होम मैदान पाहिलं, तिथे चहूबाजूंनी झाडं, इमारती आणि शेजारी तळं; त्यांचा उजेड पिक्सेलमध्ये शिरतो.

म्हणून विचार आला की सोलापुरात कापडाला तोटा नाही, तर ४० बाय ४० मीटरचं पांढरं कापड रानात अंथरावं. कुणी हे केलंय का? चालेल का? आणि एरोसॉलची अनिश्चितता सॉफ्टवेअरमध्ये नेमकी कुठे धरायची?

प्रतिसाद:

दादा, तुमचा संशय बरोबर आहे. कॅलिब्रेशनच्या जागा निवडताना परावर्तकता ०.३ च्या वर शोधतात ती याचसाठी. काळ्या जमिनीवर एरोसॉल वाढला की माथ्यावरचं चित्र उजळतं, खूप उजळ जमिनीवर उलट मंदावतं. मधे कुठेतरी अशी परावर्तकता असते की एरोसॉलचा परिणाम जवळजवळ शून्य होतो. तुम्ही त्या बिंदूपासून फार खाली आहात.

कापडाची कल्पना चांगली आहे, पण काळं रान सोडू नका, दोन्ही एकाच दिवशी मोजा. कापडाच्या आकड्यातून रानाचा आकडा वजा केला की हवेचा स्वतःचा उजेड निघून जातो, आणि उरलेल्यावर एरोसॉलची पकड बरीच सैल असते. कडेचे पिक्सेल सोडा, मधले शुद्ध तेवढेच घ्या.

एक मात्र सांभाळा. बाजारातल्या पांढऱ्याशुभ्र कापडात ऑप्टिकल ब्राइटनर असतो. तो अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतो, म्हणजे नेमका तुमच्या अडचणीच्या पट्ट्याशेजारी. अंधारात अतिनील दिव्याखाली धरा. निळसर चमकलं तर नको. त्यापेक्षा कोरा मांजरपाट घ्या. एकेरी थरातून खालची माती डोकावते, म्हणून दुहेरी अंथरा आणि मोजमाप अंथरल्यावरच करा.

सॉफ्टवेअरसाठी: आधी रॅडकॅलनेटच्या (सेन्सर तपासण्यासाठी जमिनीवर सतत मोजमाप करणाऱ्या जागांचं जाळं) जागांवर चालवून बघा. नेवाडातलं रेलरोड व्हॅली, फ्रान्समधलं ला क्रो, नामिबियातलं गोबाबेब, चीनमधलं बाओटौ. नोंदणी केली की ४०० ते २५०० नॅनोमीटर, १० नॅनोमीटरच्या टप्प्यांनी, दर अर्ध्या तासाचे आकडे मोफत मिळतात. जमिनीवरचे आणि माथ्यावरचेही. तिथे निळा जुळला तर तुमचा प्रोग्राम ठीक, भानगड सोलापूरच्या हवेची. अनिश्चितता धरण्यासाठी एरोसॉल, पाण्याची वाफ, पॅनेल हे सगळे आपापल्या मर्यादेत यादृच्छिक हलवून सिक्सएस शेकडो वेळा चालवा आणि प्रत्येक पट्ट्याचा पसारा उत्तराशेजारी छापा.

धागाकर्ता:

खूप आभार. वजाबाकीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. रॅडकॅलनेटवर आजच नोंदणी करतो, गोबाबेबपासून सुरुवात करेन. मांजरपाट यंत्रमागावरून थेट मिळेल, रुंद पट्टे शिवून घेऊ. आता दोनच गोष्टी हव्यात: उत्तर सोलापूर किंवा मोहोळ तालुक्यात झाडं-विहीर नसलेलं, कुळवलेलं सपाट रान, आणि एका दिवसापुरता हातातला सन फोटोमीटर (सूर्याकडे धरून हवेतला एरोसॉल मोजणारं यंत्र). कुणाची ओळख असेल तर कृपया निरोप पाठवा. वारा सकाळी कमी असतो, पण अकरापर्यंत कापड जागेवर राहावं म्हणून कडेला वाळूची पोती ठेवली तर त्यांच्यासाठी किती मीटर कड सोडावी?