वर कोमट, खाली हिव

वर एकानं लिहिलंय की आपल्या साताऱ्याकडच्या धरणात डायव्हिंग करायचं तर ३ मिमीचा शॉर्टी (अर्ध्या हातापायाचा रबरी सूट) बास झाला, इथं कुठली आलीय थंडी. राव, मे महिन्यात शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावर पाय सोडून बसलं की पाणी कोमट लागतंय हे खरं, पण ऊन फक्त वरचा थर तापवतंय, तापलेलं पाणी हलकं म्हणून वरच राहतंय, आणि खाली थर्मोक्लाइन (कोमट आणि गार पाण्यामधला थर) ओलांडला की फ्रीजचं दार उघडल्यागत गारठा लागतोय. त्यात पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं ओढतंय.

खरी गोम निओप्रीनमध्ये, म्हणजे सुटाच्या बुडबुडेवाल्या रबरात आहे. २० मीटरवर दाब वरच्यापेक्षा तिप्पट, त्यामुळं त्यातले हवेचे बुडबुडे चेपतात आणि ५ मिमीचा सूट जिथं ऊब पाहिजे नेमका तिथंच पातळ होतोय. शिवाय तरंगणं कमी होतंय ते वेगळंच, मग बीसीडीत (तरंगणं सांभाळायच्या फुगवता येणाऱ्या जाकिटात) हवा भरत बसा. म्हणून खोल जायचं असंल तर ५ किंवा ७ मिमी फुल सूट आणि हूड, हूड अजिबात विसरू नका, मी एकदा "कशाला ते माकडटोपी" म्हणून गाडीतच ठेवला आणि १५ मिनिटांत दात वाजवत वर आलो.

काठावर मात्र त्याच सुटात उकडून मरायची पाळी येती. सगळं गियर जोडून झाल्यावर शेवटी सूट चढवायचा, वरनं पाणी ओतून घ्यायचं. आणि हो, कोयनेचं पाणी समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर आहे, तिथं समुद्राचे टेबल, म्हणजे किती खोलीवर किती वेळ थांबायचं ते सांगणारे तक्ते, चालत नाहीत. परवानगीचं आधी बघा.