टोळ्यांना काल्याला बसवायचं, मग ग्रामसभेत का नाही?

कृष्णाकाठ (ता. पलूस)
दत्तजयंतीच्या सप्ताहाच्या बैठकीत मी एक विषय काढला आणि सरळ दोन तट पडले. तोच इथं मांडतो.

आमच्या ओढ्यालगत बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, आहेत. दिवाळी झाली की येतात, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, राहतात. माझं म्हणणं दोन गोष्टींचं. काल्याच्या पंगतीला त्यांना आपल्या शेजारी बसवायचं, उरलंसुरलं कोपीवर पोचवायचं नाही. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पाणी, दिवाबत्ती, अंगणवाडी या विषयांवर टोळीतल्या दोघांना बोलू द्यायचं, त्यात एक बाई हवी.

१९४३ साली याच पट्ट्यात प्रतिसरकार उभं राहिलं. इंग्रजांची रेल्वे अडवली, पगाराचा पैसा लुटला, हे सगळ्यांना पाठ आहे. मला त्याहून मोठी वाटते ती गावोगावची न्यायमंडळं. ज्याला कोर्टाची पायरी चढणं जमत नव्हतं त्याचं गाऱ्हाणं गावातच ऐकलं जायचं. स्वातंत्र्य म्हणजे काय हे आपल्या आज्या-पणज्यांना तिथं कळलं. आणि प्रतिसरकारचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ ला साताऱ्यातून खासदार झाले, तसे १९६७ ला बीडमधून झाले. बीडच्या माणसांनी आपला माणूस दिल्लीला पाठवला. त्यांची नातवंडं आपल्या ओढ्यावर राहतात आणि त्यांना नळाची वेळसुद्धा विचारून घ्यावी लागते. गळ्यात माळ घालून हे मला पटत नाही.

वाळव्याचा बागायतदार
पंगतीला माझी ना नाही. अन्नाला कोण नाही म्हणेल? पण ग्रामसभा वेगळी. गावच्या मतदार यादीत नाव असेल तोच ग्रामसभेचा सदस्य, कायदा असं सांगतो. देव सगळ्यांचा, पण ग्रामपंचायत घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्यांची.

आणि एक बाजू कुणी बोलत नाही. आमच्या भावकीतल्या ट्रॅक्टरवाल्यानं कर्ज काढून टोळीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली, टोळी आलीच नाही. तो अजून हप्ते फेडतोय. वर तोड आली की शेतकऱ्यानं टोळीला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, द्यायची, नाहीतर ऊस फडातच वाळतो. आमची दया कुणी करायची?

कृष्णाकाठ
दादा, मत द्या म्हणत नाही, बोलू द्या म्हणतोय. ऐकून घेतल्यानं कुठला कायदा मोडतो?

उचल बुडते हे खरं, त्या ट्रॅक्टरवाल्याचं दुःखही खरं. पण उचलीची वही मुकादमाकडं, म्हणजे टोळी आणणाऱ्याकडं, असते. किती उचलले, किती फिटले, हे फडातल्या बाईला कुणी वाचून दाखवत नाही. परवा नळावर बघितलं: एक पोरगी कडेवर मूल आणि हातात कळशी घेऊन उभी. गावातल्या बायकांचं भरून होईपर्यंत ती पुढं सरकली नाही, आणि तिची पाळी आली तेव्हा पाणी गेलं. कुणी तिला हाकललं नव्हतं. तिचं तिलाच ठाऊक होतं की इथं आपली पाळी शेवटची. हे मला हाकलण्यापेक्षा वाईट वाटलं.

विट्याची सून
मी तमिळनाडूतून लिहितेय. खानापूर, आटपाडी, विटा भागातली किती घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी देशभर पांगली ते सांगायला नको. दुष्काळानंच आपल्याला बाहेर काढलं, बीडकरांना काढतो तसंच. इथं आल्यावर पहिली काही वर्षं आम्हाला भाषा येत नव्हती. शेजारच्या बाईनं रेशनच्या दुकानात माझ्यासाठी तोंड उघडलं, म्हणून माझी चूल नीट पेटली. मुंबईत माथाडी म्हणून पाठीवर पोती वाहणारे सातारा-सांगलीचेच होते ना? १९६९ चा माथाडी कायदा त्यांनी एकजुटीनं मिळवला. परक्या गावात संघटना करून हक्क घेणाऱ्यांच्या घरात ‘परक्यांनी बोलायचं नाही’ हे शोभत नाही.

माळकरी, सातारा
पंगतीच्या बाबतीत मूळ लेखकाशीच माझं भांडण आहे. काल्याला आमंत्रण कसलं? एक बोलावणारा आणि दुसरा बोलावलेला झाला की काला मोडलाच. लोणंदला, फलटणला माउलींची पालखी येते तेव्हा दारात आलेल्याला गाव विचारून कुणी भाकरी देतं का? तुम्ही ‘आम्ही बसवतो’ म्हणता, त्यातच मालकी आली. ती सुटणं हीच मोकळीक, असं मी समजतो. मात्र सप्ताहाच्या मांडवात ग्रामपंचायतीचं राजकारण आणू नका. परमार्थाचा वापर होईल आणि दोन्ही बिघडेल.

आष्टीची लेक
माझे आईवडील कोयत्यावर होते. हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असला तर अर्धा. आई पहाटे फडात जायची, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायची, सातव्या महिन्यातसुद्धा. एक दिवस पडून राहिली तर खाडा कापला जायचा.

माळकरी काकांना सांगते, ज्या गावात आईला काल्याचा प्रसाद मिळाला त्याच गावात अंधारात ओढ्याला जावं लागायचं. पुण्य तुम्हाला मिळालं. परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ साली कायदा झाला, पण बीडहून सांगलीला येणारा त्यात बसलाच नाही, कारण राज्याची हद्दच ओलांडत नाही. मग आमचं गाऱ्हाणं ऐकणार कोण? गावच ना? पंगत नसली तरी चालेल. ग्रामसभा हवी.

वाळव्याचा बागायतदार
ताई, फळीवरचं वाचून गप्प झालो. नळाची वेळ आणि ओढ्यावर दिवा, याला मी बैठकीत हात वर करीन. बोलायचं असेल तर मुकादमानं बोलावं, एकच माणूस, म्हणजे गोंधळ नको. बायाबापड्यांना माईकपुढं उभं करण्यावर मी अजून ठाम नाहीच.

आष्टीची लेक
मुकादम बोलला तर उचलीचं बोलेल. खाड्याचं आणि ओढ्याचं तो कशाला बोलेल?

कृष्णाकाठ
काकांचं आमंत्रणाबद्दलचं म्हणणं मानलं. पंगतीची यादीच करणार नाही, टोळीतले वाढायलाही उभे राहतील. ग्रामसभेचं मात्र सोडत नाही. मुकादम नको, बाईच हवी, असा लेखी अर्ज सरपंचांकडं देतोय. पलूस-वाळव्यातल्या ज्यांना सही करायची त्यांनी खाली गावाचं नाव टाका. दादा, तुमची सही नळ आणि दिव्यापुरती असली तरी चालेल, तो अर्ज वेगळा करतो.