मदत हवी आहे : नेइदान परंपरा १९६६ नंतर कशी टिकली?

नमस्कार मंडळी. चीनमधल्या ताओ पंथाच्या नेइदान, म्हणजे देहातल्याच किमयेच्या साधनेबद्दल वाचतेय. छन यिंगनिंग (१८८०–१९६९) या माणसाने तर मला झपाटलंच आहे. गुरूने शिष्याच्या कानात सांगायची विद्या त्यांनी १९३३ पासून शांघायच्या एका पाक्षिकात उघडपणे मांडली. वाचकांच्या पत्रांना, त्यातही स्त्रियांच्या शंकांना, ते सविस्तर उत्तरं देत. बाराव्या शतकातल्या सुन बुअर या योगिनीच्या नावावर असलेल्या साधनापर कवितांवर त्यांनी भाष्यही लिहिलं. १९३७ च्या युद्धात पाक्षिक बंद पडलं. पुढे ते चिनी ताओ संघटनेचे अध्यक्ष झाले.

माझं अडतंय ते पुढे. सांस्कृतिक क्रांतीत मंदिरं बंद झाली, साधू-साध्वींना बाहेर काढलं गेलं. मग ही साधना कुणी जपली? घराघरांतून? की आधीच सरकारमान्य झालेल्या छीगाँगच्या, म्हणजे श्वास आणि संथ हालचालींच्या आरोग्यसाधनेच्या, आडोशाने? मला दुसरं उत्तर अपुरं वाटतं. त्यात आरोग्य उरलं, मोक्षाची ओढ गळाली.

चिनी वाचणारं कुणी आहे का इथे? विशेषतः स्त्रियांच्या साधनेबद्दल, त्या काळातल्या साध्वींच्या आठवणी किंवा मुलाखती कुठे मिळतील? इंग्रजी अभ्यासही चालतील. नाथपंथाच्या अभ्यासकांनीही जरूर लिहा.