मदत हवी आहे: जुन्या फोटोंचा व्हिडिओ करतेय, पण अण्णांचं बोलणं आणि फोटो जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

आमचं घर श्रीवर्धनजवळ, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीच्या पलीकडे समुद्र. माझ्या सासऱ्यांचं, अण्णांचं, सहस्रचंद्रदर्शन मार्गशीर्षात करायचं ठरलंय. हजार पौर्णिमा भरायला 80 वर्षं आणि 10 महिने लागतात, हा हिशोब अण्णांनी स्वतः पंचांग घेऊन मांडला. त्या दिवशी खळ्यात मांडव घालून टीव्हीवर जुन्या फोटोंचा पंधरा-वीस मिनिटांचा व्हिडिओ दाखवायचा आहे. मुंबई-पुण्याची सगळी माणसं येतील. त्यांच्यातल्या लहान पोरांनी आमची भरलेली वाडी पाहिलेलीच नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आजेसासऱ्यांच्या हातच्या पोफळी एका दुपारात आडव्या झाल्या. आता ती वाडी फोटोंत आहे आणि अण्णांच्या बोलण्यात.

म्हणून मी दोन्ही गोळा केलं. फोटो झाले 240. आणि अण्णांना ओटीवर बसवून, एकेक फोटो हातात देऊन, मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं, 38 मिनिटं. रहाट कुठे होता, कुठल्या पाटाचं पाणी कुणाच्या आगरात जायचं, गणपतीला मुंबईहून येणारी माणसं रेल्वेच्या आधी कशी यायची, सगळं आहे त्यात.

लॅपटॉप मुलीचा आहे, त्यात आधीपासून असलेल्या एका साध्या सॉफ्टवेअरवर काम सुरू केलं. अडचणी अशा आल्या.

फोटो टाकला की तो पाच सेकंद दिसतो आणि पुढचा येतो. अण्णा एका फोटोवर दोन मिनिटं बोलतात, दुसऱ्यावर दोन शब्द. चार फोटो जुळवले की पाचव्यापासून सगळं पुढे सरकतं.

दुसरं, पेनड्राइव्हवरचे फोटो घेऊन तीन रात्री काम केलं. पेनड्राइव्ह जावेला परत दिला आणि दुसऱ्या दिवशी उघडलं तर फोटोंच्या जागी नुसते लाल चौकोन. तीन रात्रींची मेहनत गेली असं समजायचं का?

तिसरं, मराठी अक्षरं. ‘सहस्रचंद्रदर्शन’ लिहिलं तर जोडाक्षरं सुटी होऊन मधे पाय मोडलेली दिसतात, वेलांट्या भलत्याच अक्षराला लागतात. अण्णांचं नाव असं मोडकं मी दाखवणार नाही.

आणि ज्याच्यासाठी मी हे सगळं करतेय तो एक फोटो. 1978 चा, कृष्णधवल. अण्णा गुडघाभर पाटात उभे, हातात कुदळ. मागे डाव्या कोपऱ्यात त्यांची आई, डोक्यावर झावळ्यांचा भारा. अख्ख्या फोटोत ती जेमतेम एक सेंटीमीटर असेल. तिचा दुसरा फोटोच नाही घरात. अण्णा बोलता बोलता तिच्यापाशी येतात तेव्हा फोटो हळूहळू तिच्याकडे सरकत जावा असं मला हवंय. मी केलं तर चेहरा फुटून नुसते ठिपके दिसले, वर मोबाइलच्या फ्लॅशचा पांढरा डाग. फोटो अल्बमच्या चिकट पानाला दमटपणाने धरलाय, ओढायला भीती वाटते.

कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा. मी यात नवीन आहे, पण वेळ देईन तेवढा.

प्रतिसाद, दापोलीहून:

ताई, मेहनत गेलेली नाही. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये फोटो नसतात, फोटो कुठे ठेवलाय तो पत्ता असतो. पेनड्राइव्ह काढला, पत्ता चुकला. तो परत लावा, लॅपटॉपने त्याला आधीचंच ड्राइव्हचं अक्षर (E:, F: असं) दिलं तर सगळं जागेवर दिसेल. मग लॅपटॉपवर एक फोल्डर करा, फोटो, आवाज, प्रोजेक्ट सगळं त्यात, आणि एकदा ठरवल्यावर त्या फोल्डरचं नावही बदलू नका.

माझा सल्ला, सॉफ्टवेअर मात्र बदला. शॉटकट फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं आणि युनिकोड मराठी नीट दाखवतं. फॉन्ट ‘मुक्ता’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांपैकी घ्या. तरीही एखादं जोडाक्षर रुसलं तर तेवढी पाटी लिब्रेऑफिसमध्ये करून चित्र म्हणून साठवा आणि फोटोसारखीच टाका. चित्रातलं अक्षर मोडत नाही. कडेला मात्र चिकटवू नका, काही टीव्ही कडा कापतात.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही फोटो आधी लावताय आणि आवाज त्यावर बसवताय, ते उलटं करा. आवाज आधी. 38 मिनिटं एकदा कागद-पेन घेऊन ऐका, कुठल्या मिनिटाला कुठला विषय ते लिहा. रहाट, पाट, आई, वादळ, असे दहा-बारा तुकडे पडतील. नको ते काढा, उरलेले आवाजाच्या पट्टीवर ओळीने लावा आणि त्या पट्टीला कुलूप घाला. मग वरच्या पट्टीवर फोटो टाकून त्याची कड ओढा, बोलणं संपतं तिथपर्यंत. एका तुकड्याचे फोटो पूर्ण झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका. आणि 240 फोटो विसरा. पाच सेकंदांनी सगळे दाखवायचे तरी 20 मिनिटं जातात, बोलण्याला जागाच राहत नाही. सत्तर-ऐंशी निवडा.

प्रतिसाद, मालवणहून:

त्या आईच्या फोटोबद्दल. तो पानापासून ओढू नका, खपली निघाली तर चेहरा जाईल. पानासकट स्कॅन होत असेल तर 1200 डीपीआयवर (म्हणजे एका इंचात 1200 ठिपके) करा. एक सेंटीमीटरचे साधारण 470 ठिपके मिळतील, 600 वर त्याच्या निम्मे. बाकीच्या फोटोंना 600 पुरे, कारण पाच इंची फोटो 300 वर फक्त 1500 ठिपके देतो आणि टीव्हीची रुंदी 1920 असते. स्कॅनर नसेल तर मोबाइलही चालेल, फ्लॅश बंद करून. सकाळी ओटीवर, ऊन थेट न पडणाऱ्या जागी अल्बम सपाट ठेवा, मोबाइल अगदी समांतर धरा, फोटो चौकटभर घ्या. प्लॅस्टिक चमकत असेल तर काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून लेन्स काढा.

पण पडदाभर चेहरा करू नका. ती अर्ध्या पडद्याएवढी झाली की थांबा. मूळ छपाईत जेवढं आहे त्यापेक्षा जास्त कुठलाच स्कॅनर आणू शकत नाही. सरकणंही हळू ठेवा, निदान पंधरा-वीस सेकंद.

नातेवाइकांना फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ते बारीक होऊन येतात.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. पेनड्राइव्ह जावेकडून आणला, लाल चौकोन गेले. कागदावर अकरा तुकडे निघाले आणि 38 मिनिटांची 17 झाली. आईंचा फोटो आज सकाळी ओटीवर मोबाइलने काढला, काळ्या कापडातून. तिच्या कपाळावरचं कुंकू दिसतं, ते मला आजवर कधी दिसलं नव्हतं.

दोन गोष्टी राहिल्या. रेकॉर्डिंगमागे पाण्याच्या पंपाची घरघर आहे. आणि टीव्हीवर पेनड्राइव्हने लावायचं तर फाइल कशी काढू?

प्रतिसाद, दापोलीहून:

घरघर एकसारखी असते म्हणून निघते. ऑडॅसिटी या आवाजाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये अण्णा गप्प आहेत पण पंप चालू आहे असे दोन-तीन सेकंद निवडा, त्यावरून नॉइज प्रोफाइल घ्या, मग पूर्ण आवाजाला नॉइज रिडक्शन लावा. थोडंच लावा, जास्त केलं की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. कावळे आणि लाटा राहतील, त्या राहू द्या.

फाइल काढताना प्रकार एमपी4, चित्रासाठी एच.264, आवाजासाठी एएसी आणि आकार 1920 बाय 1080 निवडा. 17 मिनिटांची फाइल साधारण एक जीबीची होईल. पेनड्राइव्ह फॅट32 या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीच्या पुढची फाइल घेत नाही, तुम्हाला ती अडचण नाही. फाइल तयार होत असताना लॅपटॉप चार्जिंगला ठेवा आणि झोपू देऊ नका. मांडवातला टीव्ही आदल्या दिवशी लावून पूर्ण व्हिडिओ एकदा बघा.

धागाकर्ती:

झालं. काल रात्री घरातल्या टीव्हीवर अण्णांना एकट्यांना दाखवला. पडलेल्या वाडीचे चार फोटो ठेवायचे की नाही हे मला ठरवता येत नव्हतं, त्यांनाच विचारलं. म्हणाले, “ठेव, पण त्याच्यानंतर नवीन पोफळींचा फोटो घाल. दोघींना यंदा सुपारी धरलीय.” आज ऊन उतरलं की वाडीत जाऊन तो काढते.