उशाशी ठेवलेले रेडिओ-घड्याळ मागे का पडते?

प्रश्न : जुळे सोलापुरातील आमच्या घरी काकांनी अमेरिकेहून आणलेले, रेडिओ आणि आयफोनचा डॉक (फोन बसवायची जागा) असलेले गजराचे घड्याळ आहे. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावूनही ते तासाला १० मिनिटे मागे पडते आणि वीज गेली की बारावर येऊन लुकलुकत राहते. वडिलांचे पहाटेचे औषध या गजरावर अवलंबून आहे. शिवाय नवा फोन डॉकमध्ये बसत नाही. काय करावे?

उत्तर १ : घड्याळात बिघाड नाही. अशी बरीच घड्याळे विजेच्या आवर्तनांवरून वेळ मोजतात. अमेरिकेत ती सेकंदाला ६० असतात, आपल्याकडे ५०, म्हणून ६० मिनिटांत घड्याळ ५० मिनिटेच पुढे सरकते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, आवर्तने नाही. काही घड्याळांच्या मागे ५० आणि ६० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला आवर्तने) निवडण्याचे बटण असते, ते आधी पाहावे. तोपर्यंत औषधासाठी कृपया दुसरा गजर लावावा.

उत्तर २ : खालच्या कप्प्यात बॅटरीची जागा असल्यास नवी बॅटरी घालावी; ती वीज नसताना वेळ जपते. डॉक ३० पिनांचा असेल, तर २०१२ नंतरच्या आयफोनला जोडणी वेगळी असल्याने अ‍ॅडॉप्टर लागेल.

प्रश्नकर्ता : ५० हर्ट्झचे बटण बॅटरीच्या कप्प्यातच सापडले. काल रात्रीपासून वेळ अचूक आहे. आपणा दोघांचे मनापासून आभार.