पालोमिनो: मला तरी आवडला

या अल्बममध्ये उदासी कमी झाली, चकचकीतपणा वाढला, ही काहींची तक्रार कळते. तरी 'फर्स्ट एड किट' या लोकसंगीताच्या वळणाच्या जोडीतल्या क्लारा आणि योहाना सोडरबर्ग या स्वीडिश बहिणींचा 2022 चा 'पालोमिनो' मला त्यांच्या सगळ्या अल्बममध्ये जवळचा वाटतो. त्यांचा आधीचा 'स्टे गोल्ड' अमेरिकेत ओमाहाला ध्वनिमुद्रित झाला होता, 'रुइन्स' तिथेच पोर्टलंडला. हा मात्र घरी, स्वीडनमध्ये, निर्माता डॅनियल बेंग्टसनसोबत. घरी परतल्याचा मोकळेपणा गाण्यांत ऐकू येतो, निदान मला तरी.

सिंथ आणि ढोलाची पॉप धाटणी आलीय, हे खरं. पण त्या दोघींचे आवाज एकत्र आले की बाकीचं मागे पडतं. लहानपणापासून एकाच घरात बोललेले, भांडलेले आवाज. स्वरांचे उच्चार, श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे सोडायचा, सगळं आपोआप जुळतं. तालमीने इतकं जमत नाही.

'वाइल्ड हॉर्सेस टू' हेडफोन लावून ऐका. गाडीतून चाललेलं जोडपं आणि 'वाइल्ड हॉर्सेस' या जुन्या गाण्याचं कोणतं रूप चांगलं यावरून मतभेद: तिला कंट्री गायक ग्रॅम पार्सन्सचं, त्याला रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचं. (आमच्या घरी हाच वाद भीमसेन की कुमार असा चालतो, आणि जेवण गार होतं.) एवढ्याशा गोष्टीत नातं सुटत चाललंय हे कळतं, आणि दोघी ते जराही ओरडून सांगत नाहीत.

उदासी गेलेली नाही हो, फक्त आता ती गाडी चालवतेय.